पाटी नसलेली गाडी

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी हिराभाईंकडे. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी, केळीच्या मळ्यात घर. गाडी पाहिली. फोर-बाय-फोर, पांढरी, उंच. शेडमध्ये गोणपाटावर उभी, अंगावर ओरखडा नाही. "रातभर चिखलमा कधी ऱ्हाऊ दिनी नही," हिराभाई म्हणाले. गुडघे गेले म्हणून विकतायत, नाहीतर कशाला विकतील.

ह्यांचं वाक्य डोक्यात होतं: गाडी आधी खालून बघायची, मग वरून. पदर खोचला, पोत्यावर आडवी झाले, बॅटरी मारून चेसिस पाहिली. गंज नाही, ऑइल कुठे टिपकत नाही. हिराभाईंची सून तोंडाला पदर लावून हसत होती. हसेना का. बत्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, हसण्याला मी भीत नाही.

घरी येऊन खाटेपाशी बसले, ह्यांना सगळं सांगितलं. घ्यायची?

ठक ठक. दोन!

पोळ्याच्या आदल्या दिवशी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर वाजवतात. एक म्हणजे नाही, थांबा. दोन म्हणजे हो, चला. कंडक्टरच्या घंटीचा कायदा. जन्मभर लाल डबा चालवला, दुसरं काय सुचणार माणसाला.

५ नोव्हेंबर, बुधवार
हिराभाईंना शेजारी बसवून तोरणमाळ. चालवायला मीच. वळणांवर जीव मुठीत. वर गेल्यावर खडीची वाट धरली, चारही चाकांना जोर दिला, गाडी गुमान चढली. हिराभाई नुसते "व्वा, बाई, व्वा" करत होते.

ह्यांनी ह्याच घाटात किती वर्षं गाडी आणली-नेली. शहादा–तोरणमाळ, तोरणमाळ–शहादा. रिटायर झाले त्या दिवशी म्हणाले होते, "आते पाटी काढी टाकसूत." म्हणजे पाटी नसलेल्या गाडीतून, मनाला येईल तिकडे. सातपुडा ओलांडायचा, पुढे वर वर, पार बर्फापर्यंत. मागे फळ्या टाकून झोपायचं, स्टोव्हवर खिचडी. माझी नोकरी संपायची वाट बघत थांबले होते बिचारे. मी सुटले जूनमध्ये आणि पोळ्याला हे असं.

वर तळ्याकाठी गाडी उभी करून रडून घेतलं. हिराभाई लांब जाऊन बिडी ओढत बसले.

८ नोव्हेंबर, शनिवार
घरची लहान गाडी विकली. दोन गाड्या ठेवायला आपण काही संस्थानिक नाही. सुरतेहून लेकीचा फोन. "आई, तुला वेड लागलंय का?" हो, लागलंय. डॉक्टर म्हणाले, बसवून न्यायला हरकत नाही. मग? खाटेवर पडून छताचे पत्रे बघण्यापेक्षा काचेतून डोंगर बघतील.

ह्यांना विचारलं. दोन ठोके. आज जरा जोरात.

११ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी आणायला गेले. हिराभाईंच्या सुनेने बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी चावी घेतली तर हिराभाईंनी मागची ओढायची दोरी सोडून काखेत मारली. म्हटलं, "अहो, ती राहू द्या, लागेल."

"ताई, जनावर इकतस, पन दावं देतस नहीत. दावं घरमाच ऱ्हास."

भांडायला गेले होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी. दोरी तिथेच सोडून गाडी सुरू केली.

दारात आणली, दोनदा हॉर्न दिला. आतून ठक ठक. किती दिवसांनी मी हसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
लिहवत नाही.

खालून बघितली. वरून बघितली. घाटात बघितली. ह्यांना चढायचं कसं, हे काही बघितलं नाही.

उजवा पाय पायरीला पोचतच नाही. डावा ठेवला तर उजवा भार घेत नाही. शेजारच्या भिलाभाऊने पाठीमागून उचललं, मी पुढून ओढलं. तांदळाचं पोतं चढवावं तसं. धोतर सुटलं. गल्लीतली माणसं बघत होती. जो माणूस एका हाताने बसच्या केबिनमध्ये उडी मारून बसायचा तो!

हात मोकळा करून दारावर वाजवायला लागले. ठक. थांबून पुन्हा ठक. पुन्हा ठक. एकेक, सुटा.

मला वाटलं, अजून थोडंच राहिलंय. मी म्हणाले, "जरा दम धरा." तरी ओढतच राहिले मी. भिलाभाऊच म्हणाला, "बाई, सोडा."

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भिंतीकडे तोंड. जेवले नाहीत. विचारलं त्याला ना एक, ना दोन.

१६ नोव्हेंबर, रविवार
सुताराकडून पायऱ्यांचं स्टूल करून आणलं. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुळात गुडघा वाकत नाही त्याला स्टूल तरी काय करणार. आता त्यावर पाण्याचा माठ ठेवलाय.

व्यायामाला न्यायचं तर आता रिक्षा. लहान गाडीत वॉकर धरून आपले आपण बसायचे. आपल्याच हाताने विकली ती मी. शहाणी ना फार!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हिराभाईंना फोन केला. म्हटलं, घेऊन जा परत.
"काय व्हयनं, ताई?"
सांगता आलं नाही. रडूच फुटलं. ते म्हणाले, "बरं, बरं. रविवारले येस मी."
फोन खाटेपाशी केला, हे आत्ता लक्षात येतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार
हिराभाई आले. हातात तीच दोरी. "दावं लई उनू, ताई." आपलं जनावर परत न्यायला माणूस असाच येतो.

चहा दिला. कागद आणि चावी आणायला आत गेले. खाट रिकामी. धावत बाहेर आले तर हे गाडीपाशी. वॉकर आडवा पडलेला आणि हे गाडीच्या पायरीवर बसलेले. ओट्याची उतरण ओलांडून एकटे कसे आले, देव जाणे. डावा हात मागे दाराच्या पत्र्यावर.

"आप्पा, उठा, गाडी नेवानी शे," हिराभाई हळूच म्हणाले. हे हलेनात.

मी समोर बसले. "गाडी देऊ ना परत?"

ठक.

एकच. वाट पाहिली. एकच.

"मग जायचं?"

हात पत्र्यावर तसाच. डोळे माझ्याकडे, भरलेले. मीच वेड्यासारखी बोलत सुटले. म्हटलं, चढता नाही आलं तर नाही, पोत्यासारखं उचलणार नाही कधी, शपथ. म्हटलं, नाही जायचं तर इथेच दारात उभी राहू दे, मी एकटी काही जाणार नाही. तुम्हाला वाटतं ना मी जावं? ते वाटतं का? बोला ना. वाजवा ना.

हिराभाईंचा चहा तसाच गार झाला. त्यांनी दोरी गुंडाळली. "दावं मन्हाकडेच ऱ्हाऊ द्या. ठरनं का सांगज्यात." आणि पायी स्टँडकडे गेले.

उन्हं उतरली. हे अजून पायरीवरच. मी खाली फरशीवर बसून हे लिहितेय. हात पत्र्यावर आहे. वाजवत नाहीत आणि काढतही नाहीत.