होय म्हाराजा

सोमवार, संध्याकाळ. शिरोडा

सासूबाईंनी आज देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला लावलं. गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या सुनेत काय दोष आसात तर तो दूर कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा.

शुक्राणूंची गती कमी असल्याचा त्याचा रिपोर्ट आठवडाभर कपाटात, त्याच्याच बनियनांखाली पडलाय. आईपासून लपवताना म्हणाला होता, "आवशीक कळाक नको गो." मी गप्प राहिले. उपचार आहेत, डॉक्टर म्हणालेत. त्याची कीवही आली होती तेव्हा. पण आज ते "होय म्हाराजा", हात जोडून, डोळे मिटून? गती नसली तरी घसा आहे म्हणायचा.

पुढच्या सोमवारी गाऱ्हाणं मी घालणार, रिपोर्ट वाचून. बघू तेव्हा किती मोठ्यानं होय म्हणतो.