खुनी बाईचा चेहरा

प्रिय आई,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, म्हणजे कालपासून जेवायला लागले आहे.

नोकरीत कायम करण्याआधी मला एक चित्र काढायला दिलं होतं. जुन्या रहस्यकथांवर असायचं तसलं भडक मुखपृष्ठ, हातात पिस्तूल घेतलेली खुनी बाई. कॉम्प्युटरवर काढून सोबतच्या चित्रकारांना दाखवलं. रंग विटके कर, कागद जुनाट दिसू दे, असं त्यांनी सुचवलं. तेवढं जमलं. पण आमच्यातली चष्मेवाली म्हणाली, "ही कसली खुनी? ही तर भाजीचा भाव विचारतेय!"

किती वेळा चेहरा पुसला! शेवटी, बाबा न सांगता पाहुणे घेऊन येतात तेव्हा तू दारातून नुसती बघतेस ना, तो चेहरा काढला. बघताच चष्मेवालीने खुर्ची मागे सरकवली.

साहेबांनी मला कायम केलं. पुढच्या पुस्तकांवरही हीच बाई हवी म्हणाले.

बाबांची पाठ कशी आहे? सोबतचं चित्र त्यांना एकदम दाखवू नकोस, दचकतील.

तुला न विचारता केलं, रागावू नकोस. आणि रागावलीसच, तर आधी फोटो काढून पाठव. पुढचं चित्र सोमवारी द्यायचंय.

तुझीच,
धाकटी