आळशी आईचा मुलगा

१२ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं रागाचं पत्र मिळालं. तुझ्या लेकाला मी तोंडावर सांगितलं की आईनं आळस केला म्हणून तू चाकाच्या खुर्चीत बसलास. ते शब्द मागे घेणार नाही. दोघांना स्नायूंचा एकच आजार, दोषही तोच, आईकडून आपल्या दोघींमार्फत आलेला. मग माझा तेराव्या वर्षी चालतो आणि तुझा नवव्यातच कसा बसला? मी शाळेत कवायत शिकवते, शिस्त मला कळते. तुला तक्ता आखून दिला होता, रोज जिन्याच्या चाळीस पायऱ्या. लाँड्रीतल्या इस्त्रीपुढून हलली असतीस तर ना!

दोघांचंही रक्त तपासायला मीच होकार दिलाय. रिपोर्ट तू आण, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

२९ जून

ती. ताईस,
सा. न.

रिपोर्ट आणले. डॉक्टरीणबाईंनी तासभर समजावलं. मूळ दोष दोघांत तंतोतंत सारखाच. पण स्नायू झिजल्यावर तिथे किती लवकर कडक जाळं धरतं, ते दुसराच एक जनुक ठरवतो. त्याचा सावकाश चालणारा प्रकार तुझ्या लेकाला तुझ्याकडून आला आणि बापाकडूनही. दोन्हीकडून मिळाला तरच त्याचा उपयोग. माझ्या लेकाला एकही नाही. ज्या भावजींना तू घराबाहेर काढलंस, त्यांचा अर्धा वाटा आहे त्या चालण्यात. आता मिरव टेंभा.

औषधं आणि स्नायू ताणायचे हलके व्यायाम उपयोगाचेच, ते मी कधी चुकवले नाहीत. पण तुझ्या तक्त्याबद्दलही विचारलं. बाई म्हणाल्या, असे दमवणारे व्यायाम या मुलांना द्यायचेच नसतात. ताई, माझा लेक जिन्यावर रडायचा आणि मी खालून ओरडून पायऱ्या मोजायचे. दोन वर्षं! तुझ्या धाकानं.

आता तो मला उचलूही देत नाही. शेजारच्या काकांना बोलावतो, म्हणतो आईनंच मला असं केलं. मी रिपोर्ट दाखवला तर म्हणाला, तू स्वतःची बाजू सांगणारच. तू बोललीस, तूच निस्तर. त्याला पत्र लिही, नाहीतर यापुढे मला लिहू नकोस.

लोभ मागायची इच्छा नाही.
धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाचं नाव काढायची काय गरज होती? चार कागद फाडले. उलट लिहिणार होते की डॉक्टरांना काय कळतं, माझी सात वर्षांची मेहनत काय फुकट गेली?

आजही तुझ्यावर राग आहे, तो लपवत नाही. पण माझंच खरं ठरायला हवं होतं गं. मेहनतीनं चालत असेल तर मी मेहनत थांबवणार नव्हते.

गेल्या आठवड्यात माझा लेक स्वयंपाकघराच्या दारात पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. तक्त्यातला एकही दिवस चुकलेला नाही. मी कुणाला सांगितलं नाही, त्यालाही कुणाजवळ बोलू नको म्हटलं.

सोबतची चिठ्ठी तुझ्या लेकासाठी आहे. तू उघडू नकोस. त्यात लिहिलंय की आईनं काही केलं नाही, मावशी खोटं बोलली. आणि जमलं तर मला सांग, तो खुर्चीत बसला त्या पहिल्या दिवशी तू त्याला काय म्हणालीस?

उत्तर दे. एवढा लोभ ठेव.
ताई