शुक्रवारच्या पूजेआधी लोडर सुरू करून पाहण्याबाबत

प्रति,
मा. उपव्यवस्थापक महोदया (यंत्र देखभाल),
निर्झरा री-रोलिंग मिल,
रसमडा औद्योगिक क्षेत्र, जि. दुर्ग.

अर्जदार : विजयकुमार गिरिपुंजे, मिस्त्री, यार्ड मशीन विभाग. राहणार कॅम्प-२, भिलाई.

विषय : छोटा लोडर सुरू न होण्याचे खरे कारण कळविणे, व शुक्रवारच्या शांतिपूजेआधी तो सर्वांसमक्ष सुरू करून पाहण्याची विनंती.

संदर्भ : ऑपरेटर श्री. नागसेन टेंभुर्णे यांना लोडरवरून काढल्याची सुपरवायझर श्री. बाबाराव कापगते यांची फलकावरील नोटीस.

महोदया,

हा अर्ज खरे तर हिंदीत हवा होता. पण हिंदी अर्ज आधी आवक टेबलावर चार जण वाचतात आणि मग तो आपल्यापर्यंत येतो. आपण वर्ध्याकडच्या आहात असे ऐकून आहे. शिवाय चूक सांगायची तर तोंड घरच्या भाषेतच उघडते. तरी भाषेबद्दल क्षमा असावी.

१. आपल्या यार्डातला स्किड स्टीअर लोडर, ज्याला सगळे ‘बकरी’ म्हणतात कारण तो जागच्या जागी गरकन फिरतो, विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. किल्ली फिरवली की दिवे लागतात, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही. रोलिंगखाली पडणारा लोखंडी पापुद्रा उचलायला मशीन नाही, म्हणून माणसे खड्ड्यात उतरून फावड्याने भरत आहेत. त्या माणसांत आता नागसेन आहे.

२. नागसेन बौद्ध आहे. त्याच्या घरी बावीस प्रतिज्ञा पाळतात, म्हणून तो पूजेत हात जोडत नाही. हे आजचे नाही, आणि आजवर कोणाला खुपलेही नव्हते. पूजेच्या दिवशी तो सकाळी सर्वांआधी येतो, बकरी धुतो, तिच्या प्रत्येक सांध्यात ग्रीस भरतो आणि बाजूला उभा राहतो. त्याचे म्हणणे असे की, “तुमी हात जोडा, मी ग्रीस मारतो. मशीनले दोन्ही पाह्यजे.” यंदा मशीन बंद पडले तेव्हा कोणीतरी हसत म्हणाले, नागसेनने हात नाही जोडले म्हणून बकरी रुसली. चहाच्या वेळेपर्यंत कोणी हसत नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबारावांनी फलकावर नोटीस लावली. तीत कारण ‘मशीनबाबत निष्काळजीपणा’ असे लिहिले आहे, पण तोंडी कारण काय ते यार्डातल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

३. आता तांत्रिक बाब. मी बॅटरी तपासली, ती भरलेली होती. तरी ट्रकची बॅटरी जोडून पाहिली. टर्मिनल घासले, अर्थिंगची पट्टी बदलली, फ्यूज आणि रिले पाहिले. स्टार्टर उतरवून दुर्गला वाइंडिंगवाल्याकडे नेला, त्याने चांगला म्हणून परत दिला. शेवटी स्टार्टरला थेट तार लावली तेव्हा इंजिन व्यवस्थित फिरले. म्हणजे इंजिन ठीक आणि स्टार्टर ठीक, फक्त किल्लीचा हुकूम तिथवर पोहोचत नव्हता. या मशीनमध्ये माणूस सीटवर बसून मांडीवरचा दांडा खाली घेत नाही तोवर स्टार्टरला करंट जात नाही. माणूस बसला आहे हे कळवणारा एक लहानसा स्विच सीटखाली असतो. कोणताही मिस्त्री अशा वेळी सर्वांत आधी सीट उचलून पाहतो. मी सर्वांत शेवटी उचलली. रोग कुठे आहे हे ठाऊक असून मी सगळे अंग तपासत बसलो होतो, कारण सीटखाली काय सापडणार याची मला पहिल्या दिवसापासून शंका होती.

४. आपल्याकडे पूजेचा नारळ फोडण्याचा मान माझा. दरवर्षी तो बकेटच्या दातावर फुटतो. यंदा मालकांच्या घरची मंडळी येणार म्हणून बाबारावांनी बकेटला पिवळा आणि शेडच्या फरशीला हिरवा रंग देववला होता. दोन्ही ओले होते. “रंगाले डाग लागला तं पाहून घेईन,” अशी त्यांची ताकीद होती. फुकटची शेखी मिरवायची माझी सवय वाईट. मी नारळ घेऊन केबिनमध्ये चढलो आणि सीटपुढच्या लोखंडी काठावर फोडला. नारळ भरपूर पाण्याचा निघाला. सगळ्यांनी शुभ म्हटले, टाळ्या वाजवल्या. ते सगळे शुभ सीटखाली गेले. वरून मी कुंकू आणि अक्षता टाकल्या, फडक्याने सीटचा वरचा भाग पुसला आणि बुंदी खायला उतरलो. खाली वाहिलेले पाणी मी पाहिले होते. मग पाहू, म्हणून सोडून दिले.

५. काल जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेल्यावर मी सीट उचलली. स्विचच्या जोडात हिरवा गंज धरला होता, कुंकू चिकटले होते, अक्षतेचा दाणा होता आणि खोबऱ्याची एक चीपही होती. मी तो जोड कापून काढला, भंगारातल्या लोडरचा चांगला जोड लावला आणि मीटर धरून पाहिले. आता करंट स्टार्टरपर्यंत पोहोचतो. बकरी दुरुस्त आहे. मी किल्ली मात्र फिरवलेली नाही, आणि कोणाला सांगितलेलेही नाही.

६. महोदया, अडचण इथून पुढची आहे. नवरात्रातल्या या शुक्रवारी बाबारावांनी मशीनची शांतिपूजा ठरवली आहे. मशीनचे तोंड पूर्वेला हवे, असे पंडितजींचे म्हणणे आहे. मशीन चालत नाही म्हणून ते फिरवण्यासाठी हायड्रा क्रेन बोलावली आहे. जे मशीन आता किल्लीने स्वतः फिरेल, त्याला क्रेन उचलून फिरवणार आणि मी खाली उभा राहून “थोडं अजून, थोडं अजून” म्हणणार. पूजा होईल, नवा ऑपरेटर किल्ली फिरवेल आणि बकरी फट्कन सुरू होईल. मग नागसेनच्या हातांचा दोष साऱ्या रसमड्यात सिद्ध होईल, आणि तो सिद्ध करणारा पाना माझा असेल.

७. मी रोज नागसेनच्याच स्कूटरवर मागे बसून भिलाईहून येतो. त्याने मला एकदाही विचारले नाही की, विजयभाऊ, तू मिस्त्री असून तुले फॉल्ट कसा सापडून नाही राहिला. विचारले असते तर बरे झाले असते. परवा त्याची पत्नी ममतावहिनी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊजी, तुमीच समजवा ना यायले. एकदा हात जोडले तं का बिघडते? घरात कोनी धड जेवून नाही राहिलं.” मी मान हलवली. मी काय करून राहिलो हे मला तेव्हाच कळायला हवे होते, पण मी मान हलवली. काल येताना नागसेन वळून न पाहता म्हणाला, “शुक्रवारी जोडतो मी हात. मशीनसाठी नाही, घरासाठी. माह्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली होती. तो असता तं का म्हनला असता, मालूम नाही.” जे मी माझ्या चुकीने सीटखाली सांडले, ते आता त्याच्या घरात शिरले आहे. मला फार लाज वाटते, महोदया. ही ओळ कार्यालयीन नाही, पण खोडत नाही.

८. तरी आपणास विनंती की :

(अ) शुक्रवारची पूजा सुरू होण्याआधी आपण स्वतः यार्डात यावे, सगळ्यांना बोलवावे आणि नागसेनला सीटवर बसवून त्याच्या हाताने किल्ली फिरवू द्यावी. जोड कशाने खराब झाला ते मी तिथेच, हिंदीत, मोठ्याने सांगीन.

(ब) हे शक्य नसल्यास पूजेआधी तो जोड पुन्हा काढून ठेवण्याची लेखी परवानगी द्यावी, म्हणजे पूजेनंतरही मशीन सुरू होणार नाही आणि आळ नागसेनवरून निदान पंडितजींवर जाईल. चांगले मशीन बिघडवण्याची परवानगी मागणारा मिस्त्री आपण आधी पाहिला नसेल. पण दुसरा इलाज सुचत नाही.

(क) वरील दोन्ही अमान्य झाल्यास नागसेनऐवजी मला फावडे देऊन खड्ड्यात पाठवावे आणि फलकावर माझे नाव माझ्या कारणासह लावावे. ‘नारळ चुकीच्या जागी फोडला’ एवढे पुरे.

नारळ फोडण्याचा मान यापुढे कोणाला द्यायचा ते आपण ठरवावे. माझ्या मते तो बकेटच्या दाताला द्यावा आणि फोडणाऱ्याचे नाव विसरावे.

९. आपला निर्णय काहीही होवो, आज सुटी झाल्यावर घरी जाताना मी नागसेनला सगळे सांगणार आहे. मागे बसून सांगणे सोपे गेले असते, कारण तोंड दिसत नाही. म्हणून मी त्याला स्कूटर थांबवायला सांगीन आणि उतरून समोर उभा राहीन. ऐकल्यावर तो मला पुन्हा मागे बसवेल की नाही ते सांगता येत नाही. तरी उद्या माझ्या हजेरीला उशीर झाल्यास मी बसने येत आहे असे समजावे, व तेवढा उशीर माफ व्हावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक, व नागसेनचा अपराधी,

(सही)
विजयकुमार गिरिपुंजे
रसमडा, दि. २३ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. सीटखालचा खराब जोड, खोबऱ्याच्या चिपीसह. पुसलेला नाही.
२. लोडरची किल्ली. ती कृपया नागसेनच्याच हातात द्यावी.