भांडीवालीच्या मोटरसायकलची वाटणी

जिच्या पोटाखाली आईचा तवा आहे, दिव्यापुढे घरची चाळणी आहे, इंजिनाच्या श्वासनळीच्या जागी बाबांच्या धानाच्या बांधीतला पाइप आहे आणि हॉर्नच्या जागी धाकट्या भावाने आणलेला ट्रकचा भोंगा आहे, ती मोटरसायकल कायद्याने नेमकी कोणाची? मला सांगता येत नाही. आरमोरीच्या वकील भाऊंना विचारलं. त्यांनी गाडी पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "बाई, तू मृत्युपत्रच लिहून टाक. मंग ज्याले भांडायचं त्यानं भांडावं."

म्हणून मी, कु. संघप्रिया सोमाजी उंदीरवाडे, वय सव्वीस, धंदा सिकलसेलच्या रुग्णांना गावोगावी औषध पोचवणे, राहणार मौजा सावरटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे माझे पहिले मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझी प्रकृती ठीक आहे. मी कोणत्याही नशेच्या अमलाखाली नाही. मोहाचा या मजकुराशी संबंध येतो, पण तो फक्त बारदान्यापुरता, आणि ती हकीकत पुढे दिली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही असेही लिहायची पद्धत आहे. बाबा ओसरीवर बसून दर थोड्या वेळाने खोकत आहेत, परंतु त्यांनी मजकूर सांगितलेला नाही.

कलम १. घर बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे त्याची वाटणी मला करता येत नाही. एवढेच नमूद करते की न्हाणीच्या दाराची खालची बिजागरी माझ्या गाडीच्या उजव्या पेटीला आहे. माझ्या मागे ती काढून दाराला लावावी. गाडी आल्यापासून घरातली सगळी माणसं एक पाय दाराला लावून अंघोळ करतात आणि त्याबद्दल कोणीही मला घराबाहेर बोललेले नाही. हे मी विसरलेले नाही.

कलम २. माझी पदवी बाबांना द्यावी. आमच्या घरातली ती पहिली आहे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून ती हातात आली त्याच दिवशी बाबांनी तिला लॅमिनेशन करून आणलं. लॅमिनेशन करू नये अशी सूचना मागच्या बाजूला छापलेली आहे, तीही आता प्लास्टिकमधून स्वच्छ वाचता येते. बाबासाहेबांच्या फोटोखाली ती जिथे आहे तिथेच राहावी. पाहुण्यांना दाखवताना बाबांनी "एमएस्सी" सांगू नये. ती बीएस्सी आहे.

कलम ३. पोस्टातली बचत आधीपासूनच आईच्या, म्हणजे कांताबाईंच्या, नावावर आहे, त्यामुळे तिचीही वाटणी मला करता येत नाही. ती कशावर खर्च करावी हे तिला कोणी सांगू नये. भाऊ अश्विन याने तर मुळीच नाही.

कलम ४. आता गाडी.

ही गाडी मी नागपूरला एका दलालाकडून जुनी घेतली. उंच चाकांची, डोंगर आणि नदीनाले पार करण्यासाठी बनवलेली अॅडव्हेंचर मोटरसायकल. दलाल म्हणाला होता, "मॅडम, स्कूटी दाखवू का?" त्या गृहस्थाला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये.

अशी गाडी का, याचे कारण लिहून ठेवते, कारण गावात वेगळी कारणे सांगितली जातात. आमच्याकडून पुढे नाला लागतो. त्याच्या पलीकडे तीन टोल्या, म्हणजे लहान वस्त्या, आहेत आणि तिथे सिकलसेलची मुलं आहेत. या मुलांनी रोज गोळी घ्यायची असते. गोळ्या संपल्या, त्यात ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं की हाडं अशी दुखतात की दहा वर्षांचं लेकरू आवाज न करता रडतं. एसटी फाट्यापर्यंतच येते. नाला भरला की जीपवाले येत नाहीत. साधी गाडी नाल्यातच राहते, हे मी बाबांच्या गाडीवर करून पाहिलेले आहे.

परंतु अशा गाडीला जी कवचं आणि पेट्या लागतात, त्या कंपनीच्या घेतल्या तर औषधाचं काम सोडून दुसरी नोकरी धरावी लागली असती. म्हणून फाट्यावरचे वेल्डिंगवाले वारलू मडावी आणि मी मिळून जे केलं ते असं.

इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून आईचा लोखंडी तवा. आई म्हणाली, "नेतेस त ने माय. भाकर मंग तुह्या सायलेन्सरवर थापतो." तवा आईला परत द्यावा. मधोमध खोलगट झाला आहे, पण वारलूंचं म्हणणं असं की त्याची आता कढई होऊ शकते.

औषधांच्या पेट्या म्हणून तेलाचे दोन पिपे, झाकणाला कुकरची जुनी रिंग. पाणी थेंबभर आत जात नाही. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी गोष्ट आहे आणि मी पदवीपेक्षा तिच्याबद्दल जास्त बोलते, अशी बाबांची तक्रार आहे. ज्या संस्थेची औषधं मी पोचवते तिला पिपे द्यावेत.

बांधीतला पाइप बाबांचा. तो सीटच्या वरपर्यंत आणला आहे, म्हणजे नाल्यात इंजिन पाणी पीत नाही. पहिल्यांदा तो उलटा लावला गेला होता आणि गाडी दिवसभर शिंकत होती. ती चूक कोणाची यावर वारलू आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. या मृत्युपत्राद्वारे मी तो वाद त्यांच्या बाजूने सोडते. पण चूक त्यांचीच होती.

दिव्यापुढची चाळणी फेकून द्यावी. तिच्यातून प्रकाश रव्यासारखा गाळून पडतो.

डावा आरसा म्हणजे स्टीलच्या वाटीची पाठ आहे. एकदा ताडोब्याच्या गेटपाशी, मोहर्लीला, शिबिरासाठी गेले तेव्हा सफारीचे जिप्सीवाले चहाच्या टपरीवर उभे होते. त्यातला एक ओरडला, "भांडीवाली आली रे, कल्हई करून घ्या." तेव्हापासून ते नाव तालुका ओलांडून गावात पोचलं आहे. हा आरसा त्यांना द्यावा. त्यात पाहणाऱ्याचं नाक आहे त्याहून मोठं दिसतं.

कलम ५. बारदाना.

माझी उंची कमी आणि गाडीची जास्त, म्हणून मी सीटचा फोम विळीने कोरून काढला होता. पाय टेकले, पण बसायला हाडं टोचू लागली. म्हणून घरातला एक रिकामा बारदाना घडी करून सीटवर शिवला, आणि उरलेल्याची मागे अडकवायला झोळी केली. जाड, मऊ, फुकट. त्या बारदान्यात चैतात वेचलेली मोहफुलं महिनाभर भरून ठेवलेली होती, ही गोष्ट मला माहीत होती. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे. मला ती फक्त सुचली नाही.

मे महिन्यात नाल्याचा तळ पाहायला मी गाडी काठावर उभी करून काठी घेऊन खाली उतरले. वर आले तर गाडीपाशी अस्वल. मोहाच्या वासावर आलेलं ते मन लावून सीट चाटत होतं. मी शेजारच्या शेतातल्या मचाणावर चढले. अस्वलाने झोळी ओढून काढली, तिच्यात तोंड घातलं, आत काही नाही हे कळल्यावर त्याला राग आला आणि मचाणाकडे बघून ते दोन पायांवर उभं राहिलं. मचाण जुनं होतं. त्या क्षणी मला माझा विचार आला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण पेटीत पुढच्या महिन्याच्या गोळ्या होत्या, आणि मी इथे राहिले तर त्या पेटीतच राहतील, हाही विचार आला.

अस्वलाने परत जाऊन गाडीला धक्का दिला. गाडी पडली, कुठेतरी वायर दबली आणि अश्विनचा ट्रकचा भोंगा सुरू झाला तो थांबेचना. अस्वल नाल्याच्या दिशेने जे पळालं ते मागे वळून न बघता.

त्या भोंग्याला मी विरोध केला होता. जंगलातल्या प्राण्यांना त्रास होईल असं मी अश्विनला अर्धा तास समजावून सांगितलं होतं. त्रास झाला, हे सिद्ध झालं आहे. भोंगा अश्विनला परत द्यावा आणि त्याने ही हकीकत सांगताना अस्वलांची संख्या वाढवू नये. सध्या तीन चालू आहेत.

घरी सांगितल्यावर आई आधी हसली. "मोहाच्या बारदान्यावर बसून जंगलात गेलीस, अन् अस्वल आलं म्हनतेस? आवतन त तूच देल्लं ना त्याले." मग उठून तिने सीटवरचा बारदाना उसवायला घेतला.

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "एवढं शिकवलं ते अस्वलाच्या तोंडी द्यायले का? तुह्या नावाची गाडी आता या आंगनात दिसली नाई पायजे. मी गिऱ्हाईक आनतो."

"बाबा, गाडी गेली तर पावसाळ्यात गोळ्या कोण नेईल?"

"सरकार नेईल."

"आतापर्यंत का नाही नेल्या?"

"मले का विचारून राह्यली? मी का सरकार हाव?"

बाबा चुकीचे आहेत असे मी लिहू शकत नाही. एकुलती एक पदवीधर आणि तिच्यामागे अस्वल, हे बापाने पाहायचं नसतं. पण त्यांनी गिऱ्हाईक खरंच आणलं. दोन माणसं अंगणात आली, त्यांनी तवा वाकून पाहिला आणि गाडी भंगारात किलोवर घेतो म्हणाले. बाबांना गाडी नको आहे, पण हा अपमान त्यांना सहन झाला नाही, म्हणून सौदा लांबला. एवढाच काळ मला मिळाला.

कलम ६. गाडीवरचे दावे आणि त्यांचा निकाल.

अश्विनने गाडी मागितली. "ताई, मले दे. मी ताडोब्याच्या गेटवर ठेवतो, पर्यटक बसून फोटो काढतील." नामंजूर.

वारलूंना मी स्वतः विचारलं. ते म्हणाले, "बाई, मले साक्षीदार ठेव, वारस नको करू. वारस झालो त गाडी रोज माह्याच दुकानात उभी राहील. तशी त राहतेच." वकील भाऊंनीही सांगितलं होतं की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये. त्यामुळे वारलूंचा प्रश्न सुटला.

राहिली नाल्यापलीकडची मयुरी कुमरे. तिची धाकटी बहीण सिकलसेलची रुग्ण आहे. मयुरी दोन वर्षं माझ्या मागे बसून टोलीटोलीत फिरली आणि प्रत्येक खड्डा येण्याआधी मला सांगत गेली. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "ताई, खड्डे मले मालूम हायेत, नाला मले मालूम हाये, मंग गाडी तू काऊन चालवतेस?" मी किल्ली तिच्या हातात दिली आणि तिला शिकवलं. तिने लायसन काढलं. ती माझ्यापेक्षा उंच आहे, कोरलेल्या सीटवर तिचे गुडघे हँडलला लागतात, याबद्दल ती रोज बोलते.

माझ्या मागे गाडी मयुरीला द्यावी, असं मी या कलमात लिहिणार होते. लिहून झाल्यावर वाचलं आणि चूक लक्षात आली. या कागदाची अंमलबजावणी होण्यासाठी मला आधी मरावं लागेल. नाला तोपर्यंत थांबणार नाही, आणि बाबांचं गिऱ्हाईकही नाही.

म्हणून कळवते की कलम ४ मधील गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही. ती मयुरी कुमरे हिच्या नावावर करून झाली आहे आणि नवं आरसी बुक तिच्या घरी आहे. वर ज्या वस्तू परत द्यायला सांगितल्या, त्यातला तवा आईने तिला राहू दिला. बाकीच्या मालकांनी मयुरीशी बोलावं. सीटवर आता बारदाना नाही, जुनी सतरंजी आहे.

बाबा, हे तुम्ही मी जिवंत असतानाच वाचणार, हे मला माहीत आहे. तुमचं म्हणणं मी पाळलं आहे. माझ्या नावाची गाडी अंगणात नाही. काल गुरुवार, गोळ्या पोचवायचा वार होता. गाडी नाल्यापार गेली, मयुरीने चालवली, तिन्ही टोल्यांत गोळ्या पोचल्या. मी मागे बसले होते.

लिहून ठेवणार: संघप्रिया सोमाजी उंदीरवाडे (सही)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:

१. वारलू मडावी, वेल्डिंगचे दुकान, सावरटोला फाटा (सही. पाइप उलटा मी लावला नव्हता.)

२. कांता सोमाजी उंदीरवाडे (सही. सगळा मजकूर मोठ्याने वाचून घेतला, गाडीचा दोनदा, आणि मग सही केली.)

स्थळ: मौजा सावरटोला
दिनांक: १३ जून २०२५