न्यूट्रल

तुंगार्ली, लोणावळा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. शार्दूल यास,

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. तिकडे बंगळूरला तुमचं ठीक चाललं असेल असं धरून चालते. पहिल्या ओळीत आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. या वेळी ते शेवटासाठी ठेवले आहेत. तोवर लिहावेसे वाटले तर लिहीन.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू ‘आई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देतोस. पत्र टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता दिसतं. अक्षर वाईट आलं आहे, काही शब्द दोनदा गिरवले आहेत. माझा हात कापत नाही. कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी ट्रकची बातमी. बाबांनी लष्कराच्या लिलावातून आणलेला ट्रक तू विकायला काढलास. गिऱ्हाइकाने अट घातली की ट्रान्सफर बॉक्स आवाज करतो, तेल गाळतो, तो आधी नीट करून द्या. तू मला कळवलंस की आपण उघडायचा नाही, आख्खा उतरवून पुण्याला पाठवायचा. वर आणखी एक मेसेज केलास, की बाजूच्या त्या लहान बोल्टला तर कुणी हातच लावू नका, त्याची गरज नाही. मी तो मेसेज दोनदा वाचला. दुरुस्तीला जाणाऱ्या बॉक्समधल्या एका बोल्टची एवढी काळजी कशाला?

म्हणून उघडला. १९८४ साली मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, आणि त्यानंतर तळेगावच्या कारखान्यात टूलरूममध्येच माझी सगळी नोकरी झाली. तुला वाटतं तेवढी मी भाजी निवडण्यापुरती उरलेली नाही. वडगावच्या प्रितमने गॅरेजात चेन पुली लावून बॉक्स खाली घेतला. बाकीचं मी केलं. दोन बेअरिंगं गेली होती, तेलाचे सील दगडासारखे कडक झाले होते, तळाशी काळा गाळ. सगळं डिझेलमध्ये धुतलं, नवी बेअरिंगं बसवली, शाफ्ट जागेवर किती हलतो ते मोजून पातळ चकत्या घातल्या. गॅस्केट तू मागच्या वेळी चक्क दोन लावली होतीस, एकावर एक. गळतीवर तो तुझा उपाय. लॉकडाऊनमध्ये तू घरून काम करत होतास तेव्हा अंगणात ताडपत्री टाकून हा बॉक्स खोललास आणि सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवलेस. मला जवळ येऊ दिलं नाहीस. ‘आई, सरप्राइज आहे.’

सरप्राइज मिळालं. आज एवढंच. प्रितम यायचा आहे आणि मला आत्ता जे लिहायचं आहे ते रागाच्या भरात लिहायचं नाही.

शनिवार

राग तसाच आहे. तेव्हा लिहून टाकते.

तुझ्या बायकोला, अपेक्षाला, हे पत्र वाचायला दे, म्हणून तिला कळेल असं लिहिते. अपेक्षा, ट्रकला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक बॉक्स असतो. तो इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो. त्याचा एक वेगळा आखूड दांडा असतो. हाय, लो, आणि दोन्हींच्या मधे न्यूट्रल. हा दांडा न्यूट्रलला आला की मोठ्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर टाकलेला असून काही उपयोग नाही. चाकं मोकळी. आपल्या ट्रकचा हँडब्रेक चढावर धरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून चढावर थांबलं की पहिला गिअर टाकायचा आणि उतरून चाकाला दगड लावायचा, ही रीत.

दांडा आपोआप घसरू नये म्हणून आत एक पोलादी गोळी असते. तिला मागून जाड स्प्रिंग दाबून धरते. ती स्प्रिंग त्या लहान बोल्टच्या मागे असते.

मी बोल्ट काढला. गोळी निघाली. तिला दाबून धरायला होती बॉलपेनची स्प्रिंग.

प्रितम हसला. त्याला वाटलं, कुण्या रस्त्यावरच्या मिस्त्रीचं काम. मी हसले नाही, कारण ती स्प्रिंग मी ओळखली. ताडपत्रीच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी मी शब्दकोडं सोडवायला बसले तर माझ्या पेनाची रिफिल बाहेर राहीना. पेन बिघडलं म्हणून डब्यात टाकलं. काल ते शोधून काढलं. आत स्प्रिंग नाही. हे पत्र मी त्याच पेनाने लिहिते आहे. मागे कागदाचा बोळा कोंबला आहे, तरी जरा रेटलं की रिफिल आत सरकते.

खरी स्प्रिंग तुझ्या हातून उडून कुठेतरी पडली असेल. पडते. माझ्याही हातून पडल्या आहेत. मग बाजारात जायचं असतं. दुकानं बंद होती म्हणशील, तर दुकानं उघडेपर्यंत ट्रक उभा ठेवायचा असतो. पेनाची स्प्रिंग घालून मी दांडा हलवून पाहिला. एका बोटाने सरकतो. चढावर वजनाचा धक्का बसला तर बोटही लागणार नाही.

आता आदिनाथ. आपला ट्रक तोच चालवायचा.

तीन वर्षांपूर्वी पर्यटकाची चिखलात रुतलेली गाडी ओढायला तो औंढ्याच्या चढावर थांबला. गिअर टाकला, उतरला, दगड उचलला. ट्रक मागे निघाला. मागे त्या गाडीत माणसं बसलेली. त्याने दगड चाकाखाली घातला आणि दगडाबरोबर त्याचा पायही गेला. त्याचं म्हणणं होतं, ‘मी लो मधी टाकून उतरलो व्हतो.’ तू बंगळूरहून आलास, केबिनमध्ये चढलास, खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणालास, दांडा न्यूट्रलला आहे. खोटं नव्हतं ते. दांडा न्यूट्रललाच होता. पण तो तिथे कसा आला हे त्या जमावात फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू मान हलवून गप्प राहिलास.

त्याला मदत केलीस, हेही मी धरते. दवाखान्यात रोज गेलास. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. आता कळतं की तू तिथे बसून आपल्याच हातचं काम पाहत होतास.

आणि परवा जाहिरातीत काय लिहिलंस? ‘ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे एक किरकोळ अपघात.’ तीन वर्षांनी, कुणी विचारलेलं नसताना, पुन्हा.

मी आज सकाळी औंढ्याला गेले. हे तुला आधी सांगायचं नव्हतं, म्हणूनही काल पत्र अर्धं सोडलं. आधी जाऊन यायचं होतं.

आदिनाथ हल्ली पार्किंगच्या पावत्या फाडतो. ज्याने निम्म्या मावळातल्या रुतलेल्या गाड्या बाहेर काढल्या, तो खुर्चीत बसून लोकांना गाडी कुठे लावा ते दाखवतो. मी पोचले तेव्हा गावातलाच एक जण मोटारसायकलवरून ओरडला, ‘काय न्यूट्रल, जागा हाय का?’ आदिनाथने हात केला, ‘हाय की, लाव तितं.’ गावात त्याला आता आदिनाथ कुणी म्हणत नाही. न्यूट्रल. किराणावालाही तेच म्हणतो. तो स्वतःही हसतो. तुला हे माहीत आहे का? मला माहीत नव्हतं.

मी स्प्रिंग त्याच्या हातावर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितलं. त्याने ती चिमटीत धरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. म्हणाला, “मावशी, मी तर आता म्हनत व्हतो, मीच ठेवली आसंल न्यूट्रलला. इतकी लोकं म्हनत्यात तर मीच इसारलो आसंल.”

त्याची बायको सविता आतून आली होती. ती माझ्याकडे न बघता बोलली. “झोपंत हात हलवत्यात हे. इचारलं तर म्हनत्यात, गेर पडला का बगतोय.”

शार्दूल, माणसाचा पाय गेला ते एक. त्याची स्वतःची आठवण तू त्याच्याकडून काढून घेतलीस, ते कुठल्या दवाखान्यात भरून येणार?

मी म्हटलं, मी आत्ता गावात सगळ्यांना सांगते. तर त्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी चढ्या आवाजात बोललेला नाही.

“तुमी न्हाई सांगायचं. तुमी सांगितलं तर लोक म्हनतील मावशीला दया आली. ज्यानं घातली त्यानं हितं येऊन म्हनायचं. माज्या नावानं हाक मारून.”

स्प्रिंग त्याने परत दिली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली. तेव्हा ती या पाकिटात शोधू नकोस.

आता नीट वाच. ट्रक माझ्या नावावर आहे. गिऱ्हाइकाला मी आज कळवलं की विक्री नाही. बॉक्स ट्रकला चढवला आहे, सगळं घट्ट आहे, तेल भरलं आहे. फक्त बाजूचा तो लहान बोल्ट लावलेला नाही. भोकावर फडकं बांधलं आहे. नवी गोळी आणि नवी जाड स्प्रिंग ताटलीत ठेवली आहे, बाबांच्या फोटोखाली नाही, कारण मला नाटक करायचं नाही. कपाटावर ठेवली आहे.

रविवारी औंढ्याला पार्किंग भरलेलं असतं, गावही तिथेच असतं. हे पत्र मिळालं की लगेचच्या रविवारी ये. आधी माझ्याकडे येऊ नकोस. थेट तिथे जा. ‘आदिनाथभाऊ’ म्हणून हाक मार, न्यूट्रलवाल्यांना ऐकू जाईल अशी. आणि सांग की त्याने गिअर टाकला होता. पेनाची स्प्रिंग कुणी घातली ते सांग, आणि तू ते कधीपासून जाणतोस तेही. तो शिव्या देईल. सविता कदाचित त्याहून जास्त देईल. ऐकून घे. माफी मागायला मी सांगत नाही. ती त्याला नको असेल. त्याचं नाव त्याला परत हवं आहे.

मग घरी ये आणि बोल्ट स्वतःच्या हाताने लाव. तोवर ट्रक हलणार नाही.

आला नाहीस, तर पुन्हा पत्र येणार नाही. फोनही नाही. मी खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी पावत्या फाडायला बसेन आणि येणारा प्रत्येक जण विचारील, बाई, तुम्ही इथे का?

आशीर्वाद अजून लिहिलेले नाहीत. जागा सोडली आहे.

सही करताना रिफिल पुन्हा आत गेली. खालचा शब्द दोनदा गिरवावा लागला.

आई