सोलेभाताला येताना विळे आणा

ती. केशवदादास,

धाकट्या बहिणीचा, रुख्मिणीचा नमस्कार. वहिनींचे गुडघे, तुमचं बीपी आणि शेंदूरजन्याची संत्री, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. (वहिनींना वेगळं पत्र लिहीन म्हणते. दरवर्षी म्हणते.)

इकडे सगळं ठीक, फक्त तुमच्या जवाईबुवांना, म्हणजे आमच्या ह्यांना, उदारपणा जडला आहे. जूनमध्ये मी मर रोगाला दाद न देणारी तूर आणली, तेव्हा हे म्हणाले, "बापाच्या वेळेपासून हेच बियानं पेरून राहिलो, तुलेच काहून अक्कल सुचली?" शेवटी शर्त लागली. एक एकर माझा, एक त्यांचा (तोही नाल्याकाठचा, निवडून घेतलेला). ज्याची पोती जास्त, त्याचं बियाणं पुढच्या साली सहाही एकरांत. दादा, फुलोऱ्यात त्यांची अर्धी तूर उभ्या उभ्या वाळली. तीनदा औषध ओतलं, तो खर्च वेगळाच. मी एक बाटली आणली नाही आणि माझा एकर शेंगांनी वाकला.

तेव्हापासून ह्यांना पाहुण्यांचा पुळका आला. शिवारातून कोणी रिकाम्या हातानं जाऊ नये ही आपली रीत, आणि देण्याजोग्या शेंगा उरल्या फक्त माझ्या! बचत गटाच्या बाया आल्या, पिशव्या भरल्या. तुमच्या भाच्याची, अमोलची, सासुरवाडी आली, पोतं भरलं. भरणारे कोण, तर घरात चहाचा कप न उचलणारे हे स्वतः! मी अडवलं तर म्हणतात, "पाहुण्याले नाही म्हणू काय? मले लाज वाटते!" माझी पोती कमी भरावीत म्हणून गावजेवण चाललंय, हे कळायला मला आठ दिवस लागले, याचाच जास्त राग आला. आता मी दिवसभर बांधावर बसते. शर्त मी हरणार नाही.

तुम्हालाही ह्यांनी पंचवीस माणसांसह सोलेभाताला, तुरीच्या ओल्या दाण्यांच्या भाताला, बोलावलंय म्हणे. जरूर या.

तुमची,
रुख्मिणी

ता. क. माणसं पंचवीसच आणा, पण प्रत्येकाच्या हातात विळा हवा. तूर कापणीला आली आहे. आधी कापणी, मग भात. सोले बांधाकडच्या, अजून हिरव्या असलेल्या चार झाडांचे.

ता. क. दुसरा. आत्ताच बियाण्याच्या दुकानातला मनोज सांगून गेला. ह्यांनी माझ्याच वाणाचं सहा एकरांचं बियाणं गुपचूप सांगून ठेवलंय. तरी विळे आणाच. मला पोती मोजूनच जिंकायचंय.